हलगी कोणाची?

(गंगाखेड तालुक्यातील एका खेड्यात, शाळेच्या स्नेहसंमेलनात पालक मंडळींपुढे केलेले भाषण.)



बक्षिसे वाटून झाली, पाहुण्यांचे नारळही देऊन झाले. चुलीवरच्या भाताचा वास इथवर येतो आहे आणि अशा वेळी मास्तराने बोलावयास उभे राहणे म्हणजे भुकेल्याची वाट अडविणेच होय. तरी घटकाभर थांबा. आज आम्ही वाद्यांविषयी बोलणार आहोत. कोणी म्हणेल, मास्तराने गणित सांगावे, परीक्षेचे सांगावे, हा ढोलकी-तुणतुण्याचा नाद त्यास कोठून लागला? तर तो नाद कोठून लागला तेच आधी सांगतो.

गेल्या महिन्यात सातवीच्या वर्गात आम्ही विचारले, "संमेलनात वाद्य वाजवील असा कोण आहे?" दोन-चार हात वर झाले. एकाने मामाचा कॅसिओ आणतो म्हणून सांगितले. एकजण टाळ वाजवितो म्हणाला. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मात्र खाली मान घालून बसला. तो हलगी वाजवितो, आणि चांगली वाजवितो, हे आम्हांस ठाऊक होते. पोळ्याच्या दिवशी वेशीत त्याची हलगी आम्ही कानांनी ऐकली होती. शाळा सुटल्यावर त्यास बाजूला घेऊन विचारले, "का रे, हात का नाही वर केलास?" तो म्हणाला, "गुर्जी, हलगी येती म्हनलं की पोरं जात काढतेत."

मंडळी, वीस वर्षे शिकवितो आहोत. अध्यापक विद्यालयात आम्हांस शिकविले होते की मुलाच्या अंगी जो गुण असेल तो हेरावा आणि वाढवावा. इथे मुलाच्या अंगी गुण होता, तो आम्ही हेरलाही होता, आणि तोच गुण चारचौघांत कबूल करण्याची त्यास लाज वाटत होती. ही लाज त्यास कोणी दिली? आम्ही घरी जाऊन विचार केला तेव्हा पहिले बोट आमच्याकडेच आले. आदल्या वर्षी लेझमीच्या खेळासाठी याच मुलाच्या आजोबांस आम्ही बोलावणे धाडले होते. निमंत्रण नव्हे, बोलावणे! ते उन्हात लिंबाखाली उभे राहून दोन तास वाजवीत होते. पेटीवाल्यास आम्ही खुर्ची दिली, शाल दिली. हलगीवाल्याच्या हातावर पन्नासाची नोट ठेवली आणि पाठ फिरविली. कामापुरता मामा म्हणतात तो हाच. तेव्हा आज जे बोलतो आहोत ते दुसऱ्यास उपदेश म्हणून नव्हे. आमची चूक आम्ही तुमच्यापुढे ठेवीत आहोत.

आता ज्या हलगीची लाज वाटते ती आहे तरी काय, ते पाहू.

हलगी म्हणजे एक गोल कडे आणि त्यावर एका बाजूने ताणलेले कातडे. कडे पूर्वी लाकडाचे असे, आता बहुधा लोखंडाचे किंवा पितळेचे असते. दुसरी बाजू उघडी. दिसण्यास इतके सोपे वाद्य दुसरे नाही. परंतु बसवून पाहा म्हणजे कळेल. वहाणेचे कातडे बाभळीच्या सालीत कमावतात. वाद्याचे कातडे तसे कमावीत नाहीत, कारण कमावलेले कातडे मऊ पडते आणि मऊ कातडे बोलत नाही. वाद्यासाठी कातड्याचे केस काढावयाचे, आतली बाजू खरवडून सगळीकडे सारखी पातळ करावयाची, ओले असतानाच कड्यावर ताणावयाचे आणि वाळू द्यावयाचे. वाळताना ते आकसते आणि ताण बसतो. एका अंगास जाड व दुसऱ्या अंगास पातळ राहिले तर आवाज फाटतो. हे मोजण्यास कारागिराजवळ यंत्र नसते. त्याचा अंगठा आणि त्याचा कान हेच त्याचे यंत्र.

आणि वाजविण्यापूर्वी हलगी शेकतात. पाचट किंवा कडबा पेटवून त्याच्या धगीवर धरतात. लहानपणी आम्हांस वाटे की हा काही देवाधर्माचा विधी असावा. विधी नाही, बाळांनो, हे शास्त्र आहे! हवेतला दमटपणा कातडे शोषून घेते, कातडे सैल पडते, आवाज बसतो. धग लागली की ओल निघून जाते, कातडे आवळते, आवाज चढतो. जितका ताण अधिक तितका स्वर उंच, हा नियम विज्ञानाच्या पुस्तकात आम्ही फळ्यावर लिहून देतो. पुस्तकाचे तोंड न पाहिलेला हलगीवाला तोच नियम पाचटाच्या जाळावर रोज सिद्ध करतो. आता कोठे कोठे कातड्याच्या जागी फायबरचे पान बसवितात. ते दमटपणाने सैल होत नाही, म्हणून शेकावे लागत नाही. पावसाळ्यात सोय होते. पण जुने वाजविणारे म्हणतात की आवाजातली ऊब गेली.

वाजविण्याची रीत पाहा. हलगी डाव्या अंगास धरतात. उजव्या हातात आखूड, जाड टिपरू. डाव्या हाताने कडे सावरायचे आणि त्याच हाताच्या बोटांत एक बारीक, लवचिक काडी धरायची. टिपरू ठोका देते आणि बारीक काडी दोन ठोक्यांच्या मधली जागा भरते. मध्यावर मारले तर आवाज भरदार, काठाजवळ मारले तर तीक्ष्ण. एवढ्या सामानावर लग्नाची चाल निराळी, मिरवणुकीची निराळी, कुस्तीच्या फडाची निराळी आणि मयताची निराळी. डोळे मिटून बसलेला गावकरी नुसत्या ठोक्यावरून सांगू शकत असे की आज गावात काय आहे. कुस्तीच्या फडात तर पैलवानाच्या पायाची चाल पाहून हलगीवाला लय चढवितो. तो केवळ वाजवीत नाही, तो कुस्ती वाचीत असतो.

ही झाली हलगी. पण एकटी हलगीच काय, कोणतेही वाद्य घ्या; ते एका जातीच्या हाताने कधीच झालेले नाही. पंढरीच्या वाटेवर जो पखवाज वाजतो तो पाहा. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी दरसाल आपल्या परभणी-गंगाखेडवरून जाते, तेव्हा तुम्ही सर्वांनी तो ऐकला आहे. त्याचे खोड सुताराने कोरले. त्याची पाने आणि वादी चामड्याचे काम करणाऱ्याने केली. त्याची शाई लोहाच्या बारीक चूर्णाची, तेव्हा त्यात लोहाराचा वाटा आला. डाव्या पानावर प्रत्येक वेळी जी ओली कणीक लावतात तो गहू कुणब्याच्या रानातला. पखवाजाशेजारी वाजणारे टाळ कांशाचे. कांसे म्हणजे साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील. ते ओतणे व घडविणे हे कासाराचे काम. कथील कमी पडले तर टाळ बोलत नाही, अधिक झाले तर तडकतो. आणि वारकऱ्याच्या वीण्याचा भोपळा शेतकऱ्याच्या मळ्यातला. देवाच्या दारी सर्व जाती एका वाद्यात बांधलेल्या आहेत आणि वाद्य वाजविणारे मात्र वाटेवर एकमेकांस शिवत नव्हते! ह्यापरता विनोद तो कोणता?

पखवाजाच्या त्या काळ्या शाईविषयी थोडे सांगितले पाहिजे. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली म्हणजे एकाच वेळी अनेक स्वर उठतात, पण त्यांचा आपसांत मेळ नसतो; म्हणून नुसता धबाका ऐकू येतो. तारेचे तसे नाही. तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा हिशोबातले स्वर निघतात, म्हणून ती गोड लागते. पखवाजाच्या व तबल्याच्या पानावर मधोमध शाईचा थर बसविला की कातडे तारेसारखे वागू लागते आणि त्यातील पहिले पाच स्वर त्याच हिशोबात येऊन बसतात. हे कोडे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी उलगडले. त्यांनी १९२० साली आपल्या एका सहकाऱ्यासह 'नेचर' ह्या विलायती नियतकालिकात ह्यावर लेख लिहिला आणि १९३४ साली पुन्हा सविस्तर विवेचन केले. रामन म्हणजे १९३० साली नोबेल पारितोषिक मिळविणारे शास्त्रज्ञ. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञास जे तपासून पाहावेसे वाटले ते ज्याने प्रथम शोधून काढले त्याचे नाव काय? कोणासही ठाऊक नाही. तो कोणी तरी कातडे हाताळणारा कारागीर असला पाहिजे. थर चढवावा, घोटावा, थाप मारून ऐकावे, जास्त झाला तर खरवडावा, असे करीत पिढ्या गेल्या असतील. ज्याने सिद्ध केले त्याचे नाव पुस्तकात आहे आणि ते असलेच पाहिजे. ज्याने शोधले त्यास मात्र आपण गावाबाहेर ठेवले.

हलगीस शाई नसते. तिचा आवाज तासलेला, उघडा, टोकदार असतो, आणि तिच्या कामास तोच योग्य. पखवाज मंडपात ऐकावयाचा. हलगी शिवारात ऐकू गेली पाहिजे. दवंडी पिटावयाची तर पखवाज काय कामाचा? वाद्य हलके की भारी हे कातड्यावर ठरत नाही. कामास उतरते की नाही यावर ठरते.

आता गोंधळ्याचे संबळ घ्या. आपल्या जिल्ह्यास ह्याचा अभिमान वाटावा. परभणीचे गोंधळी राजाराम कदम यांचे नाव साऱ्या महाराष्ट्रात झाले. गोंधळ हा अंगणातला कुळाचार, पण त्यात केवढे कथन, केवढे गायन आणि केवढा अभिनय सामावलेला आहे हे अशा लोकांमुळे शहरातील जाणत्यांस कळून आले. गोंधळात सांगितले जाणारे जांभूळ आख्यान शाहीर विठ्ठल उमपांनी रंगभूमीवर आणले तेव्हा मोठमोठे लोक तिकीट काढून पाहण्यास गेले. आपल्या अंगणात तेच आख्यान फुकट होत होते, तेव्हा आपण पेंगत होतो!

संबळ म्हणजे एकमेकांस बांधलेली दोन भांडी; तांब्याची, पितळेची किंवा लाकडाची. दोहोंच्या तोंडावर कातडे. एकाचा आवाज उंच, दुसऱ्याचा खर्जाचा. गोंधळी ती कमरेशी बांधतो आणि दोन काड्यांनी वाजवितो. त्यातली एक काडी टोकाशी वाकडी असते. वाकड्या टोकाने खर्जाच्या कातड्यावर घुमारा काढतात. शेजारी साथीस तुणतुणे. लाकडी नळकांडे, त्याच्या बुडाला कातडे, बाजूस एक दांडी, आणि कातड्याच्या मध्यापासून दांडीवरच्या खुंटीपर्यंत एकच तार. खुंटी पिळली की स्वर चढतो. तार एक, स्वर एक. पण तो एक स्वर धरून ठेवतो म्हणून गाणारा वाट चुकत नाही. तुणतुणेवाल्याकडे कोणी पाहत नाही. तो थांबला म्हणजे मात्र सर्वांस कळते की काही तरी गेले. आमच्या मते गावातील बहुतेक कष्टकरी माणसे ह्या तुणतुणेवाल्यासारखीच आहेत.

खंडोबाच्या वाघ्या-मुरळीच्या हातची दिमडी लहान, एका पंजाने धरता येईल एवढी. तिच्यावर पूर्वी घोरपडीचे कातडे चढवीत, कारण ते पातळ आणि चिवट असते. इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड मारणे हा गुन्हा आहे. तेव्हा आता दिमडीस शेळीचे कातडे घालावे. परंपरा म्हणून जीव मारण्याचे कारण नाही. परंपरेत काय ठेवावे आणि काय टाकावे हे माणसानेच ठरवावयाचे असते; ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडेल.

सनईवाल्याचे कौशल्य श्वासात आहे. सनईच्या तोंडाशी दुपदरी पत्ती असते. तिच्यातून फुंकर गेली की ती थरथरते आणि आवाज उठतो. बोटांनी भोके उघडझाप करून स्वर बदलतात. परंतु तुम्ही कधी पाहिले का, की चांगला सनईवाला दम घेण्यास थांबत नाही? तो गालात हवा साठवितो, आणि गालातली हवा बाहेर जात असतानाच नाकाने नवी हवा आत घेतो. हे साधण्यास वर्षे लागतात. बिस्मिल्ला खाँ साहेबांस २००१ साली भारतरत्न मिळाले, ते ह्याच जातीच्या वाद्यावर. आपल्याकडे लग्नात सनई वाजविणारा मात्र मांडवाच्या बाहेर, चपलांजवळ बसतो आणि पंगत उठल्यावर जेवतो. एका वाद्यास दोन न्याय कसे? वाद्य तेच, श्वास तोच. फरक फक्त बसावयाच्या जागेत.

मिरजेचे उदाहरण पाहा. तिथे शिकलगार कुटुंबे पूर्वी हत्यारांस धार लावीत. राजेरजवाड्यांची हत्यारे थंडावली तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, त्यांतील फरीदसाहेबांनी तंबोरे-सतारी करावयास घेतल्या. आज मिरजेची सतार व तंबोरा देशोदेशी जातो, आणि २०२४ साली त्यांस भौगोलिक मानांकन, म्हणजे ह्या गावचा अस्सल माल अशी सरकारी निशाणी, मिळाली. धार लावणारा हात वाद्य घडविणारा झाला आणि मानास चढला. आम्हांस ह्याचा आनंदच आहे. प्रश्न इतकाच की सतारीच्या कारागिरास जो मान मिळाला तो हलगीच्या कारागिरास का मिळू नये?

याचे उत्तर शोधावयास दूर जावे लागत नाही. सतार ही कोणावर लादलेली नव्हती. हलगी लादलेली होती.

आपला जिल्हा १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळी काय, आणि इंग्रजी मुलखात काय, गावगाडा एकच. मातंगाने गावाची हलगी वाजवावी, बोलावतील तेव्हा वाजवावी, रात्र असो की पाऊस असो, आणि सुगीत खळ्यावर जाऊन पेंढी-पायली मागून आणावी. नाही म्हणण्याची सोय नव्हती. ज्यात नाही म्हणता येत नाही ती कला राहत नाही, ती वेठ होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनाची पद्धत मोडली ती ह्याचसाठी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे बिल आणले ते ह्याचसाठी. त्यांनी आपल्या लोकांस गावकीची हलकी कामे टाकून देण्यास सांगितले ते कामास कमी लेखून नव्हे. त्या कामांनी माणूस बांधला जात होता म्हणून. पुढे आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० पासून अमलात आली. तिच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि २३ व्या कलमाने वेठ बंद केली.

म्हणून ज्या तरुणाने हलगी खुंटीला टांगली आणि पुण्या-मुंबईस जाऊन नोकरी धरली, त्यास आम्ही दोष देत नाही. त्याने शहाणपण केले. पारावर बसून काही मंडळी हळहळतात, "काय सांगावे गुरुजी, आता हलगी ऐकू येत नाही, संस्कृती बुडाली!" त्यांस आम्ही नम्रपणे विचारतो, दादा, संस्कृती इतकी प्यारी आहे तर आपल्या चिरंजीवाच्या गळ्यात हलगी का अडकवीत नाही? तेव्हा ते गप्प बसतात. संस्कृती आपली, आणि ती वाहावयाचे ओझे मात्र दुसऱ्याच्या पोराच्या खांद्यावर. हा कोठला न्याय?

तर मग काय करावे? हलगी मरू द्यावी काय? कोणी म्हणतील, जी गुलामीची निशाणी ती जाळूनच टाकावी. त्यांचा संताप खरा आहे. परंतु आमचे मत थोडे निराळे आहे, आणि त्यास आधार आहे. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्या समाजाचे जलसे गावोगाव फिरले. त्या जलशात वाद्ये कोणती होती? तमाशाचीच! ढोलकी, डफ, तुणतुणे, झांज. ज्या वाद्यांवर लोक रात्र रात्र करमणूक करीत त्याच वाद्यांवर शिक्षणाचे, कर्जाचे, भटभिक्षुकीचे सवाल-जबाब झाले. अक्षरशून्य शेतकऱ्यास पुस्तकाने जे कळले नसते ते ढोलकीने कळले. आंबेडकरी जलसेही त्याच वाटेने गेले. मातंग समाजात जन्मलेले अण्णाभाऊ साठे यांनी १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभारले, तेव्हा गिरणगावातील कामगार त्याच डफाच्या थापेवर जमले. वाद्य गुलाम नसते, मंडळी. माणसास गुलाम करणारी रीत निराळी आणि वाद्य निराळे. घोरपडीचे कातडे टाकले म्हणून दिमडी टाकली नाही. तशीच वेठ टाकावी, हलगी ठेवावी.

आणि ठेवावयाची तर ती सर्वांची करून ठेवावी. हेच आमच्या आजच्या बोलण्याचे सार आहे. हलगी एका जातीची राहिली तर दोनच गोष्टी होतील: ती जात बांधलेली राहील, किंवा हलगी मरेल. तिसरा मार्ग एकच. पाटलाच्या पोराने शिकावी, कुणब्याच्या पोरीने शिकावी, सुतार-कुंभार-धनगराच्या लेकरांनी शिकावी, आणि शिकविणाऱ्यास गुरू म्हणावे, गुरूची दक्षिणा द्यावी. पोरींचे नाव घेतल्याबरोबर मागे कोणी हसले, ते आम्ही ऐकले. अहो, ह्याच गंगाखेडची जनाबाई! नामदेवाच्या घरी दळण-कांडण करणारी ती बाई आपल्या अभंगात टाळ-वीणा घेऊन भर बाजारात उभी राहावयास निघाली. सातशे वर्षांपूर्वी तिला जी लाज वाटली नाही ती आज तिच्या गावच्या लेकींस का वाटावी?

आता व्यवहाराचे बोलतो. कारण नुसत्या टाळ्या घेऊन घरी जाणे आम्हांस नको आहे.

पहिली गोष्ट. येत्या शनिवारपासून सकाळची शाळा सुटल्यावर एक तास हलगीचा व संबळाचा वर्ग ह्याच व्हरांड्यात भरेल. ज्यांनी शिकवावयाचे त्यांस आम्ही घरी जाऊन विचारले आहे; निरोप धाडलेला नाही. त्यांचे मानधन ठरवून, दर महिन्यास, संमेलनाच्या वर्गणीतून द्यावयाचे आहे. ह्या साली कर्णा आणि मोठ्या भिंतीएवढे डबे भाड्याने आणावयाचे नाहीत, असे शाळा समितीत ठरले. तो पैसा वाचला आहे. त्या डब्यांविषयी इतकेच सांगतो की २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० पासून सकाळी ६ पर्यंत उघड्यावर कर्णा लावता येत नाही, आणि वस्तीत दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. डब्यासमोर उभे राहिल्यावर छातीत धडधडते, म्हाताऱ्यांस व तान्ह्या लेकरांस त्रास होतो, आणि इतका पैसा खर्चून गावातील एकाही मुलाच्या हातात कला येत नाही. डबा परत जातो. भाडे गेले ते गेले. हलगी शिकलेला मुलगा गावात राहतो.

दुसरी गोष्ट. गावात लग्न असो, जत्रा असो, वाजविणाऱ्याशी आधी बोलून बिदागी ठरवावी, त्यास बसण्यास जागा द्यावी आणि पहिल्या पंगतीस बसवावे. पेटीवाल्यास शाल तर हलगीवाल्यासही शाल.

तिसरी गोष्ट. ज्यास वाजवावयाचे नाही त्यास कोणी बोलू नये. मयतास वाजविलेच पाहिजे, देवळापुढे वाजविलेच पाहिजे, असा आग्रह कोणी धरू नये. वेठ घेणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे खरे. परंतु कायद्याच्या धाकाने नव्हे, माणुसकीने हे व्हावे अशी आमची इच्छा आहे.

चौथी गोष्ट मुलांसाठी. आपल्या आजोबा-आजींस विचारून वहीत लिहून आणा: आपल्या गावात कोणकोणती वाद्ये होती, ती कोण करीत असे, कशाची करीत, कोणत्या वेळी कोणती चाल वाजे. जुनी माणसे एकेक करून जात आहेत. त्यांच्याबरोबर चालीही जातात. लिहिलेले राहील.

वर्गात बसणाऱ्या मुलांच्या नावांचा कागद दाराशी लावला आहे. त्यावर पहिले नाव आमच्या मुलाचे आहे. घरी ह्यावरून थोडी कुरबूर झाली, ती लपवीत नाही. आमच्या वडीलधाऱ्यांनी विचारले, "मास्तराच्या पोराने आता हलगी वाजवायची काय?" आम्ही म्हटले, होय, वाजवायची, मास्तराच्या पोरास लाज वाटली नाही तरच शेवटच्या बाकावरच्या पोराची लाज जाईल. दुसरे नाव त्या शेवटच्या बाकावरच्या मुलाचे आहे. ते आम्ही लिहिलेले नाही. काल शाळा सुटल्यावर त्याने स्वतः लिहिले, आणि नावापुढे "शिकणार" असा शब्द छापलेला होता तो खोडून "शिकवणार" असे केले. त्याची ही दुरुस्ती आम्हांस मान्य आहे.

त्याचे आजोबा आज इथे आले आहेत. पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या शेजारी बसले आहेत. त्यांस आम्ही या एवढेच म्हटले. हलगी आणा असे म्हटले नाही. गेल्या वर्षीबद्दल आम्ही त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली आहे, आणि आज तुम्हां सर्वांसमक्ष पुन्हा मागतो. त्यांच्या पायाशी कापडात गुंडाळलेले काही तरी आहे असे आम्हांस दिसते. ते उघडावयाचे की नाही, ते त्यांच्या मनावर आहे. त्यांनी उघडले तर आज आपण सर्वजण खाली बसून ऐकू. नाही उघडले तर जेवण तयार आहे. त्यांस पहिल्या पंगतीत बसवून आपण जेवावयास जाऊ.

आमचे बोलणे संपले.